प्रमाणाचे तीन अर्थ

सामाजिक शास्त्रांतील प्रगत संख्यात्मक पद्धती हा पीएच.डी.चा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली दीड-दोन वर्षे बऱ्याचदा गणितात जातात. संभाव्यता, रिग्रेशन, नमुना निवड, मापनाचे सिद्धान्त, बहुस्तरीय प्रतिमाने, कार्यकारणाचे अनुमान असे पेपर असतात, मग पात्रता परीक्षा आणि शेवटी प्रबंध. अमेरिकेत हा क्रम चांगला रुळलेला आहे. मिशिगन विद्यापीठात १९६३ पासून दर उन्हाळ्यात याच विषयांचे वर्ग भरतात आणि देशोदेशीचे संशोधक तिथे हजेरी लावतात. ब्रिटनमध्ये समाजशास्त्राच्या पदवीधरांना आकड्यांचे वावडे असल्याची तक्रार जुनी आहे. म्हणून तिथली आर्थिक आणि सामाजिक संशोधन परिषद अशा पद्धती वापरणाऱ्या प्रबंधांना वाढीव विद्यावेतन देत आली आहे, आणि २०१३ मध्ये पदवीच्या पातळीवरच पाया घालण्यासाठी 'क्यू-स्टेप' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. भारतात पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था (१९३०) आणि कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था (१९३१) यांनी ही परंपरा रुजवली.

गणित कठीण असले तरी ते शिकवता येते. त्याच्या तळाशी असलेला प्रश्न मात्र तत्त्वज्ञानाचा आहे: माणसांविषयीची एखादी संख्या ज्ञान कधी ठरते? मराठीत हा प्रश्न एका शब्दातच दडलेला आहे. 'लोकसंख्येतील स्त्रियांचे प्रमाण' असे म्हणताना 'प्रमाण' म्हणजे गुणोत्तर. 'प्रमाणभाषा' किंवा संख्याशास्त्रातले 'प्रमाण विचलन' म्हणताना तोच शब्द मानक या अर्थाने येतो. आणि 'प्रत्यक्ष प्रमाण', 'वेदप्रामाण्य' असे म्हणताना प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. तिन्ही अर्थ 'मा' म्हणजे मोजणे या एकाच धातूतून निघाले आहेत. पहिल्या अर्थाचे प्रमाण तिसऱ्या अर्थाचे प्रमाण केव्हा होते, आणि मधला मानकाचा अर्थ त्यात कुठे आडवा येतो, हे ओळखण्याचे शिक्षण म्हणजे ही पीएच.डी.

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना ही जवळीक ठाऊक होती. १९३३ मध्ये त्यांनी काढलेल्या नियतकालिकाचे नाव 'संख्या' असे ठेवले आणि या शब्दात आकड्याबरोबर निश्चित ज्ञान हाही अर्थ आहे, असे पहिल्याच अंकात सांगितले.

शीत आणि भात

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे मराठीत म्हणतात. संस्कृतात हाच स्थालीपुलाक न्याय. एक शीत बोटांनी दाबून सगळे भांडे शिजले की नाही हे सांगता येते, कारण पाणी एक, आच एक आणि तांदूळ एक. पण हे गृहीत कुठे सुटते तेही स्वयंपाकघरातच दिसते. तळाचा भात करपलेला असतो आणि वरचा अजून कच्चा असतो. भांडे ढवळलेले नसेल, तर हाताला लागेल ते शीत भाताची साक्ष देत नाही. समाज हे कधीच न ढवळलेले भांडे आहे. जात, उत्पन्न, गाव, भाषा यांचे थर त्यात जागच्या जागी बसलेले असतात. म्हणून नमुना यदृच्छेने निवडावा लागतो. म्हणजे प्रत्येक व्यक्तीला निवडले जाण्याची संधी किती, हे आधी ठाऊक असावे लागते.

महाभारताच्या वनपर्वात नमुना मोजणीचे एक जुने चित्र आहे. विदर्भाच्या वाटेवर राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे एकवार पाहतो आणि त्याच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २०९५ फळे आहेत, असे सारथ्याला सांगतो. सारथी म्हणजे बाहुकाच्या रूपातला नल. तो रथ थांबवतो आणि मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही म्हणून खाली उतरून झाड तोडतो. मोजणी जुळते. मग ऋतुपर्ण त्याला फाशांची विद्या देतो. संख्येचा अंदाज आणि द्यूताचे गणित या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत, हे ती कथा जाता जाता सांगून जाते. संशोधकाच्या दृष्टीने मात्र कथेचा नायक नल आहे. अंदाज कितीही नेमका वाटला तरी पडताळणीसाठी रथ थांबवण्याची त्याची तयारी आहे.

नमुना मोठा असला की तो खरा असतो, हा समज १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत मोडला. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि भाकीत झाले रिपब्लिकन उमेदवार लँडन यांच्या विजयाचे. रुझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी ठरावीक लोकांनीच घेतली. शिते लाखो होती, पण सगळी भांड्याच्या एकाच थरातली.

चूक निवडीइतकीच मोजण्याच्या हातातही असते. महालनोबिस यांनी बंगालमध्ये ताग आणि भाताचे उत्पन्न मोजताना शेतात लहान लहान तुकडे कापून पाहण्याची पद्धत वापरली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, तुकडा जितका लहान तितके उत्पन्न फुगून येते. कारण साधे आहे. तुकड्याच्या कडेवर उभे असलेले धाटे आत धरायचे की बाहेर, हे कापणारा ठरवतो आणि त्याचा हात बहुधा आत धरण्याकडे झुकतो. तुकडा लहान असला की क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त आणि कडेबरोबर चूकही जास्त. देशाच्या धान्याचा हिशोब एका धाट्याच्या आत-बाहेर असण्यावर हलतो, हे संख्याशास्त्राच्या कुठल्याही सूत्रात लिहिलेले नसते. ते शेताच्या बांधावर उभे राहूनच कळते.

व्याप्ती

नमुन्यावरून समष्टीकडे जाणे हे अनुमान आहे आणि अनुमानाचा सर्वांत बारीक विचार भारतात नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी केला. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे. जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांच्या या मांडणीचा सगळा भार मधल्या नियमावर आहे. त्याला व्याप्ती म्हणतात. चार्वाकांचा आक्षेप नेमका तिथेच होता. भूत, भविष्य आणि दृष्टीआडचे सगळे धूर कोणी पाहिले आहेत? आणि व्याप्ती दुसऱ्या अनुमानाने सिद्ध करायची तर त्या अनुमानाला तिसरे लागेल. युरोपात डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये जवळपास हीच अडचण मांडली.

संख्याशास्त्राने या आक्षेपाला उत्तर देण्याऐवजी दावाच लहान केला. नैयायिकांची व्याप्ती निरपवाद असते. एक व्यभिचार, म्हणजे अग्नीविना एक धूर सापडला, तरी ती मोडते. सामाजिक शास्त्रातला नियम 'बहुधा' या शब्दाने सुरू होतो. शिक्षणाने उत्पन्न वाढते, या विधानाला गावोगावचे शिकलेले बेकार खोडून काढत नाहीत. म्हणून न्यायशास्त्रात आधुनिक संख्याशास्त्र आधीच होते, असे म्हणणे चुकीचे ठरेल. दोहोंत समान आहे ती शिस्त. ज्या दुव्यावर निष्कर्ष टांगला आहे, तो दुवा उघडा करून दाखवलाच पाहिजे.

'बहुधा' किती आणि योगायोग किती, हे ठरवण्याचे साधन म्हणून सार्थकता चाचणी आली आणि तिची सुरुवात धर्मचर्चेत झाली. इंग्लंडच्या राणी ॲनचे वैद्य जॉन आर्बथनॉट यांनी १७१० मध्ये लंडनच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी तपासल्या. १६२९ पासून सलग ८२ वर्षे मुलींपेक्षा मुलगे जास्त जन्मले होते. मुलगा की मुलगी हे नाणेफेकीसारखे असेल, तर ८२ वर्षे एकाच बाजूने कौल पडण्याची शक्यता ४८ वर २३ शून्ये एवढ्या संख्येत सुमारे एक. यावरून आर्बथनॉट यांनी निष्कर्ष काढला की हे दैवी योजनेचे काम आहे. पुरुष जास्त मरतात, म्हणून परमेश्वर ते जास्त जन्माला घालतो.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला, हे ८२ वर्षे सलग घडत नाही, एवढे आर्बथनॉट यांनी खरोखर दाखवले. पण योगायोग नाकारल्याने ईश्वर सिद्ध होत नाही. निकोलस बर्नुली यांनी लगेच दुसरे स्पष्टीकरण पुढे केले: ३५ बाजूंचा फासा कल्पा, ज्याच्या १८ बाजू मुलाच्या आणि १७ मुलीच्या आहेत. एवढ्याने लंडनच्या नोंदी जुळतात. आजही संशोधक शून्य परिकल्पना, म्हणजे 'हा निव्वळ योगायोग आहे' हे गृहीत, फेटाळतो आणि त्याच श्वासात स्वतःचा आवडता सिद्धान्त सिद्ध झाल्याचे जाहीर करतो, तेव्हा तो आर्बथनॉट यांचीच उडी मारत असतो.

उपाधी

धुरावरून अग्नी कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा अग्नीने भरलेला असतो आणि त्यातून धूर निघत नाही. धूर निघायला ओले सरपण लागते. 'जिथे अग्नी तिथे धूर' हा संबंध अग्नीचा स्वतःचा नसून ओल्या सरपणाने जोडून दिलेला आहे. अशा मधल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. संख्यात्मक पद्धतींच्या अभ्यासक्रमाचा सर्वांत मोठा भाग उपाधी शोधण्यात आणि तिचा परिणाम वेगळा काढण्यात जातो.

पाठ्यपुस्तकांतले तिचे गाजलेले उदाहरण विद्यापीठातल्याच प्रवेशांचे आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ८४४२ पुरुषांनी आणि ४३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. पक्षपात उघड दिसत होता. पण विभागवार पाहिले तेव्हा चित्र उलटले. एका मोठ्या विभागात ८२५ पुरुषांपैकी ६२ टक्के आणि १०८ स्त्रियांपैकी ८२ टक्के आत गेले. दुसऱ्या एका कडक विभागात पुरुष ६ टक्के आणि स्त्रिया ७ टक्के. स्त्रियांनी ज्या विभागांत गर्दी केली होती, तिथे सगळ्यांनाच दार अरुंद होते. १९७५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे विश्लेषण आले. 'विभाग' ही उपाधी बाजूला काढली आणि आरोप विरघळला.

तो पूर्ण विरघळला का, हा पुढचा प्रश्न. स्त्रिया त्या अरुंद दारांकडेच का वळल्या? शाळेत गणितापासून त्यांना कोणी दूर ठेवले? तसे असेल तर 'विभाग' ही उपाधी राहत नाही, ती अन्यायाची वाटच ठरते आणि तिला बाजूला काढणे म्हणजे अन्याय झाकणे. कोणता चल स्थिर धरायचा आणि कोणता मोकळा ठेवायचा, हे संगणक सांगत नाही. कशामुळे काय घडते याविषयी संशोधकाने आधीच घेतलेल्या भूमिकेतून ते ठरते. संगणकशास्त्रज्ञ ज्युडिया पर्ल यांच्या कार्यकारणाच्या आकृत्यांनी ही भूमिका बाणांच्या रूपात कागदावर मांडण्याची सक्ती केली, हा त्यांचा मोठा उपयोग.

दिसणारी उपाधी काढता येते. न दिसणारीचे काय? रोनाल्ड फिशर हे विसाव्या शतकातले सर्वांत प्रभावी संख्याशास्त्रज्ञ मानले जातात. धूम्रपानाने कर्करोग होतो हे मान्य करायला १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नकार दिला. एखादा आनुवंशिक घटक माणसाला सिगारेटकडेही ढकलत असेल आणि कर्करोगाकडेही, असा त्यांचा युक्तिवाद होता. नैयायिकांच्या भाषेत ही शंकित उपाधी. न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी अशा शंकांना मर्यादा घातली होती: शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी तिचा विरोध येऊ लागला की ती थांबली पाहिजे. भूक लागल्यावर जो अन्नाकडे धावतो, त्याला अन्नाने भूक शमते का अशी शंका घेण्याचा हक्क उरत नाही. १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या वाटेने शंकेची किंमत ठरवली. धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नऊपट असेल आणि त्याचे सगळे श्रेय लपलेल्या घटकाला द्यायचे असेल, तर तो घटकही धूम्रपान करणाऱ्यांत निदान नऊपट आढळला पाहिजे. असा घटक कोणी दाखवू शकले नाही. शंका घ्यायला मोकळीक आहे, पण ती केवढी मोठी असावी लागेल हे मोजता येते, ही या पद्धतीची खरी कमाई.

प्रयोग करता आला तर उपाधीचा काटा मुळातूनच निघतो, कारण यदृच्छेने केलेल्या वाटणीत दोन्ही गट सरासरीने सारखे असतात आणि उरलेला फरक निव्वळ योगायोगाचा असतो. समाजात ते दर वेळी जमत नाही. मग अन्वय-व्यतिरेकाच्या जागा शोधाव्या लागतात: हेतू आहे तिथे साध्य आहे का, आणि हेतू नाही तिथे साध्य नाही का. १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड दुकानांची पाहणी केली आणि वेतनवाढीने नोकऱ्या घटल्याचे दिसत नाही, असे १९९४ मध्ये मांडले. पुढे पगारपत्रकांच्या आधारे दुसऱ्यांनी त्यावर वाद घातला. सीमेपलीकडची दुकाने खरोखर तुलनेजोगी होती का, हा प्रश्न कायम राहतो. तरीही वाद कुठे घालायचा, हे या रचनेमुळे नेमके कळले.

शब्द

संख्या ही प्रत्यक्षाची वस्तू वाटते. सामाजिक शास्त्रात ती बहुधा शब्दप्रमाणाची वस्तू असते. प्रगणक दारात उभा राहतो, वय, धर्म, जमीन, किती वेळा जेवता, असे विचारतो, आणि घरातले कोणीतरी उत्तर देते. ते उत्तर चौकटीत बसवले की आकडा तयार होतो. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले ते एका अटीवर: सांगणारा आप्त असावा, म्हणजे त्याला वस्तुस्थिती ठाऊक असावी आणि ती आहे तशी सांगण्याची इच्छा असावी. सुनेच्या खाण्याविषयी सासूने दिलेले उत्तर, उत्पन्नाविषयी सावकाराने दिलेले उत्तर आणि वयाविषयी दाखल्याविना वाढलेल्या म्हाताऱ्याने दिलेले उत्तर या अटीवर सारखे उतरत नाही. मापनाच्या सिद्धान्ताचा पेपर याचीच चिकित्सा करतो. एकच गोष्ट चार तऱ्हांनी विचारायची, उत्तरे एकमेकांशी जुळतात का ते पाहायचे आणि न दिसणाऱ्या गुणाचा अंदाज त्यातून बांधायचा.

पण चौकटीच चुकीच्या असतील तर आप्तही हतबल होतो. १९११ च्या जनगणनेत मुंबई इलाख्यातल्या गुजरातमध्ये सुमारे दोन लाख लोकांची नोंद 'मुसलमान हिंदू' अशी झाली. त्या समाजांच्या रीतीभातीत दोन्ही परंपरा मिसळलेल्या होत्या, आणि त्यांना त्यात काही अडचण नव्हती. अडचण होती ती तक्त्याची, कारण त्यात एका माणसाला एकच रकाना होता. अशा लोकांना कुठल्या तरी एका बाजूला ढकलणे भाग पडले. मोजणीने वास्तव टिपले तसे थोडे घडवलेही. रकाना मिळाला की त्या नावाची सभा निघते, मागण्या निघतात आणि पुढच्या जनगणनेत लोक त्या नावाने स्वतःहून उत्तर देतात. धूर मोजल्याने अग्नी बदलत नाही. माणूस मोजल्याने बदलतो.

मानक

'प्रमाण' शब्दाचा मधला अर्थ, मानक, इथे आडवा येतो. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याहून भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज २२५० उष्मांक ही त्यांनी धरलेली कसोटी. तेवढे अन्न परवडेल इतका खर्च ज्यांना करता येत नाही ते गरीब. १९६०-६१ च्या आकड्यांवरून अशा लोकांचे प्रमाण खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के निघाले.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतून पुण्याला परतलेल्या सुखात्मे यांनी या मानकालाच हात घातला. सरासरी गरज ही गटाची गोष्ट आहे. निरोगी माणसाचीही गरज दिवसागणिक कमी-जास्त होते आणि शरीर ठरावीक मर्यादेत कमी अन्नाशी जुळवून घेते. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरला, तर पूर्ण निरोगी लोकसमूहातले जवळपास निम्मे लोक उपाशी ठरतील. म्हणून रेषा सरासरीवर न ओढता तिच्यापासून दोन प्रमाण विचलने खाली ओढावी, असे त्यांचे म्हणणे. दांडेकर आणि इतर टीकाकारांचे प्रत्युत्तर असे की, शरीर जुळवून घेते त्याची किंमत कामात, वाढीत आणि आजारपणात चुकवावी लागते, आणि ती न मोजता त्याला निरोगी म्हणणे हा उपासमारीचा दोष उपाशी माणसाच्याच माथी मारण्याचा प्रकार आहे.

दोन्ही बाजूंची आकडेमोड बिनचूक होती. फरक होता तो 'पुरेसे' या शब्दात. माणसाला किती मिळाले म्हणजे पुरे, हा नीतीचा प्रश्न आहे आणि तो उष्मांकाच्या वेशात सांख्यिकीत शिरला होता. मानक बदलले की कोट्यवधी माणसे गरीब ठरतात किंवा गरिबीतून बाहेर पडतात, आणि त्यांच्या ताटातला एक घासही हललेला नसतो.

स्यात्

जैन दर्शनातल्या स्याद्वादाप्रमाणे प्रत्येक विधानाच्या मागे 'स्यात्' लागतो. त्याचा अर्थ 'कदाचित' एवढाच नाही. 'अमुक एका दृष्टीने' असा आहे. वस्तू अनेकांगी असते आणि विधान एका अंगापुरते खरे असते, म्हणून आहे, नाही, आणि सांगता येत नाही यांच्या मिळून सात रीती होतात. महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना या विचाराकडे लक्ष वेधले, आणि जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनीही १९५७ मध्ये 'संख्या'मध्ये त्यावर लेख लिहिला.

विश्वास-अंतराल नावाचा प्रकार 'स्यात्' विसरल्यामुळेच चुकीचा वाचला जातो. बेरोजगारी ६ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे ९५ टक्के विश्वासाने सांगितले, की वाचणाऱ्याला वाटते, ती तिथे असण्याची शक्यता ९५ टक्के आहे. जेर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये घालून दिलेला अर्थ वेगळा आहे. हीच पद्धत पुन्हा पुन्हा वापरली, तर शंभरातले सुमारे ९५ अंतराल खऱ्या संख्येला कवेत घेतील. हा एक अंतराल त्या ९५ तला की उरलेल्या पाचातला, यावर ती पद्धत गप्प बसते. बेझपंथी संख्याशास्त्रज्ञ त्यावर बोलतात, पण त्यासाठी आधीची श्रद्धा किती होती हे त्यांना आकड्यात सांगावे लागते. एक पंथ पद्धतीच्या विश्वासार्हतेविषयी बोलतो, दुसरा ज्ञात्याच्या विश्वासाविषयी. विद्यार्थ्याला दोन्ही शिकावे लागतात, आणि कोणते विधान कोणत्या दृष्टीने केले आहे हे लिहावे लागते.

ही दृष्टी किती फरक पाडते, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका उपक्रमात दिसले. संशोधकांच्या २९ गटांना एकच डेटा आणि एकच प्रश्न दिला: फुटबॉलमध्ये सावळ्या खेळाडूंना लाल कार्ड जास्त दाखवले जाते का? २० गटांना सार्थक संबंध सापडला, नऊ गटांना सापडला नाही. कोणी लबाडी केली नव्हती. गटागटांनी उपाधी वेगवेगळ्या धरल्या होत्या. त्याआधी २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास नव्याने करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सार्थक निष्कर्ष होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांत टिकला. तेव्हापासून विश्लेषणाचा आराखडा आधीच नोंदवून ठेवणे आणि डेटा खुला करणे, हा पीएच.डी.च्या शिस्तीचा भाग होत आला आहे.

सरासरी आणि माणूस

सगळ्या अटी पाळून मिळालेली संख्या तरी कोणाविषयी असते? अडॉल्फ केटले यांनी १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. गुन्हे, विवाह आणि आत्महत्या यांचे वार्षिक आकडे जवळपास स्थिर राहतात, हे पाहून युरोप अस्वस्थ झाला. हेन्री बकल यांनी १८५७ मध्ये यावरून थेट म्हटले की, व्यक्तीची इच्छा समाजाच्या नियमापुढे गौण आहे. पाद्र्यांना आणि तत्त्वज्ञांना प्रश्न पडला: पुढच्या वर्षी किती जण जीव देतील हे आधीच ठरलेले असेल, तर पाप कोणाचे आणि पश्चात्ताप कशाचा? कर्माचा विचार करणाऱ्यालाही हा प्रश्न अनोळखी वाटू नये.

त्याचे उत्तर संख्येच्या स्वरूपातच आहे. दर हा गटाचा गुण आहे. तो गटातल्या कोणालाही काही करायला लावत नाही, जसे फाशावर सहा पडण्याचे सहात एक हे प्रमाण पुढच्या दानाला बांधत नाही. गटाचा गुण व्यक्तीवर लादला की काय होते, ते डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये दाखवले. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत राज्यनिहाय पाहिले, तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध सुमारे उणे ०.५३. व्यक्तिनिहाय पाहिले, तर परदेशात जन्मलेले थोडे जास्त निरक्षर. सहसंबंध अधिक ०.१२. स्थलांतरित मुळात साक्षर राज्यांत जाऊन राहत होते, एवढेच. एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये प्रोटेस्टंट प्रदेशांत आत्महत्या जास्त असल्याचे दाखवले, तेव्हा जीव देणारे प्रोटेस्टंटच होते का, हा प्रश्न त्या तक्त्यांतून पूर्ण सुटत नव्हता. बहुस्तरीय प्रतिमाने आली ती व्यक्ती आणि तिचा परिसर यांचा हिशोब एकत्र, पण वेगवेगळ्या खात्यांत मांडण्यासाठी.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत परीक्षक जे विचारतात, ते अखेर या मुद्द्यांवरच येते. शीत कुठल्या थरातून उचलले? कोणती उपाधी काढली, कोणती राहिली आणि राहिलेली केवढी असली तर निष्कर्ष पडेल? आकड्याच्या मागचा शब्द कोणाचा, आणि तो सांगणारा आप्त होता का? मानक कोणी ठरवले? निष्कर्षामागचा 'स्यात्' लिहिला आहे का, आणि गटाविषयीचे विधान गटापुरतेच ठेवले आहे का? उत्तरे देता आली की प्रबंधातले प्रमाण, म्हणजे गुणोत्तर, प्रमाण म्हणजे पुरावा म्हणून मान्य होते. देता आली नाहीत तर ते गुणोत्तरच राहते.